शेतकरी उन्हाळ्यात आराम करतो

कमी मार्क पडण्याला दिगंबररावांच्या घरात कोणाची ना नव्हती. खुद्द दिगंबरराव दहावीला दोनदा बसले होते, आणि हे ते पाहुण्यांसमोरसुद्धा मोकळेपणानं सांगत. पण शून्याच्या खाली जाण्याचा प्रकार त्यांच्या खानदानात आजवर कोणी केला नव्हता. त्यामुळे मार्चमधल्या एका संध्याकाळी रंजितानं कोचिंगच्या सराव-परीक्षेचा कागद टेबलावर ठेवला, आणि इंग्रजीच्या एका पॅसेजसमोर 'वजा पाच' असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला काही नव्हतं.

"वजा? म्हणजे तू हा पॅसेज सोडून दिला असता तर पाच मार्क जास्त पडले असते?"

"हो पप्पा. बरोबर असलं तर पाच भेटतात, चुकलं तर एक कापतात. माझे पाचही चुकले."

"पाचही! अगं, डोळे मिटून ठोकलं असतंस तरी एखादं लागलं असतं!"

रंजिताला बारावीनंतर भूगोल शिकायचा होता, आणि तोही घरच्या बुऱ्हाणपुरात नाही, जवळच्या खंडव्यात नाही, तर रेल्वेत दीड दिवस बसून जावं लागतं अशा एका विद्यापीठात. तिथली जागा सीयूईटी या प्रवेश-परीक्षेच्या मार्कांवर ठरते. बाकीचे विषय तिला तोंडपाठ होते, इंग्रजीनं मात्र घात केला होता. इंग्रजीत ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलं की भूगोल गेला, आणि मग इथंच कुठंतरी बी.ए.ला नाव घालून घरी बसायचं. एवढी साधी गोष्ट होती.

दिगंबरराव मात्र लगेच खुर्चीतून उठले. गप्प बसणं हा त्यांचा पिंडच नव्हता. त्यांनी हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या, पंखा कमी केला, परत वाढवला, आणि जाहीर केलं, "उद्यापासून रोज सकाळी सहा ते सात. एक दिवस, एक पॅसेज. मी स्वतः बसणार."

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, ज्योत्स्नाबाईंचा आवाज आला, "अहो, तिच्या वंदना मॅडम शिकवतात ना?"

"मॅडम साठ पोरांना शिकवतात. मी एकीला शिकवणार."

आता दिगंबररावांबद्दल एक सांगायला हवं. ते मध्य प्रदेशातल्या एका सरकारी ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते, आणि तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद पहिल्या खेपेला पुढे सरकला नव्हता. कागद आला की आधी त्यात काय चुकलंय ते शोधायचं, समासात लाल पेनानं हरकत लिहायची आणि परत पाठवायचा, हे त्यांचं वाचन. कागदात काय म्हटलंय ते बघायचं काम साहेबांचं. अशा माणसाच्या हाती मुलीचं इंग्रजी वाचन जाणं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी ते सुभाष चौकाकडून दोनशे पॅसेजचं पुस्तक घेऊन आले. घरात पाऊल ठेवायच्या आत शेजारच्या भाईदासभाईंनी ते हातातून घेतलं. भाईदासभाई नेपानगरच्या कागद कारखान्यातून रिटायर झालेले. पुस्तक कसलंही असो, ते वाचत नसत. कोपरा चिमटीत धरून चोळत, पान उजेडासमोर धरत, वास घेत आणि मग मत देत.

"मजकुराचं मी बोलत नाही दिगंबरभाऊ, पण कागद बोगस आहे. मागची छपाई पुढे दिसते. पोरीच्या डोळ्यांवर जोर येईल. बदलून आणा."

दिगंबरराव बदलून घेऊन आले. भाईदासभाईंनी दुसरंही चोळलं. तिसऱ्याला दुकानदार म्हणाला, "बाबूजी, पढ़ना है या ओढ़ना है?" तेव्हा अपमान गिळून ते तिसरंच घेऊन घरी आले, आणि भाईदासभाईंच्या दारासमोरून जाताना त्यांनी ते शर्टाच्या आत घातलं.

पहिला पॅसेज पेंग्विनवर होता. रंजितानं वाचायला सुरुवात केली आणि दिगंबररावांनी मोबाइलवर टायमर लावला. नर पेंग्विन पायावर अंडं ठेवून थंडीत दोन महिने उपाशी उभा राहतो, असं वाक्य आल्याबरोबर त्यांनी टायमर थांबवला.

"दोन महिने? उपाशी? तुला पटतं हे?"

"पप्पा, पॅसेजमध्ये लिहिलंय."

"लिहायला काय जातं! लिही समासात. 'खात्री करावी.'"

तिसरा पॅसेज आनंद कशात असतो यावर होता, त्यावर दिगंबररावांचे व्यक्तिशः तीन मतभेद निघाले. पाचवा शहरातल्या गर्दीवर होता, त्यात ज्योत्स्नाबाईही पोळ्या लाटता लाटता सामील झाल्या. पॅसेज सहा मिनिटांचा आणि चर्चा पन्नास मिनिटांची असा हिशेब बसला. प्रश्नांपर्यंत पोचेतो सात वाजत, दिगंबररावांना आंघोळीला पळावं लागे आणि रंजिता घाईघाईत उत्तरांवर गोल करी. गोल बहुतेक चुकत. मग दिगंबरराव ऑफिसातून फोन करून विचारत, "कितवा चुकला? का चुकला?" आणि उत्तर ऐकायच्या आत कोणीतरी फाइल घेऊन येई.

दहाव्या दिवशी वंदना मॅडमचा फोन आला.

"सर, रंजिताला इंग्लिश येतं. शब्द सगळे येतात. प्रॉब्लेम वेगळाच आहे. ती उत्तर पॅसेजमधून नाही देत, घरून आणते. विचारलंय काय, तर लेखक काय म्हणतो. ती सांगते खरं काय आहे ते. तुमच्या घरी वाचताना कोणी मधे मधे..."

"छे छे, मॅडम! मधे कोणी बोलत नाही. मी स्वतः बसतो ना तिथं!"

मॅडमचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

आणि मग आला पॅसेज अकरा.

त्या सकाळी फोपनारहून ज्योत्स्नाबाईंचा भाऊ, भिकनमामा, केळीच्या दोन फण्या घेऊन आला होता. ओट्यावर बसून चहा पीत होता. फोपनारला त्याची बारा एकर केळी, सगळी ठिबकवर, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन. पाहुणा बसलाय म्हणून दिगंबररावांनी रंजिताला पॅसेज मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लावलं. रंजिता सांगू लागली.

"तापी नदीच्या काठी बुऱ्हाणपूर नावाचं एक निवांत गाव आहे..."

"अरे वा! आपलं नाव आलं!" दिगंबरराव खूश झाले.

"तिथं केळीची झाडं वर्षानुवर्षं फळ देतात. फांदीवरची पिकलेली पिवळी केळी शेतकरी एक एक करून तोडतो आणि टोपलीत ठेवतो. केळीला फारशी निगा लागत नाही. म्हणून उन्हाळ्यात शेतकरी झाडाच्या सावलीत आराम करतो आणि बासरी वाजवतो."

भिकनमामानं कप खाली ठेवला.

"कोण वाजवतो?"

"शेतकरी."

"बासरी?"

"हो मामा."

"मी?" भिकनमामा उभाच राहिला. "दाजी, काय वाचून राहिले तुम्ही लोक? फांदी? केळीला फांदी? अन् पिवळी केळी झाडावर? अरे भो, घड हिरवा कापतात, अन् एक घड दिला की झाड खलास! अन् उन्हाळ्यात आराम? मे महिन्यात? पंचेचाळीस डिग्रीत मी पाण्यामागे पळून राहिलो, लाइट कधी येते कधी जाते, अन् एक वावटळ आली की उभा बाग आडवा. ह्याला फोन लावा. कोण आहे हा, फोन लावा त्याला!"

"थांबा, थांबा," दिगंबरराव म्हणाले, "आधी प्रश्न बघू." तिसरा प्रश्न असा होता: पॅसेजनुसार शेतकरी उन्हाळ्यात काय करतो? अ, आराम करतो. ब, बागेला दिवसरात्र पाणी देतो. क, परगावी जातो. ड, पावसाची वाट पाहतो.

"ब!" भिकनमामा म्हणाला. "ब!" ज्योत्स्नाबाई आतून म्हणाल्या. "ब," दिगंबररावांनी लाल पेनानं गोल केला. रंजितानं मागचं पान उघडून उत्तर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अ आहे."

"अ?" दिगंबररावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चार माणसांत एक मामा, बारा एकराचा धनी, आणि आपण चुकलो?"

"पप्पा, मॅडम म्हणतात की प्रश्नात 'पॅसेजनुसार' असलं की..."

"तू थांब. हे आता मी बघतो."

बघतो म्हणजे अर्ज करतो. प्रकाशकाला लिहायचं पत्र दिगंबररावांनी तीन दिवस खपून इंग्रजीत तयार केलं. सुरुवात 'आय हॅव द ऑनर टू स्टेट'नं केली, मध्ये केळीच्या सात चुका क्रमवार मांडल्या आणि शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' याचं इंग्रजी न सुचल्यामुळे ते तसंच रोमन लिपीत लिहून टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. मजकूर केवळ सरावासाठी आहे, विद्यार्थ्यानं पॅसेजच्याच आधारे उत्तर द्यावं, आणि तरीही आक्षेप असल्यास सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडावं.

'सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र' हे शब्द वाचून दिगंबरराव लाल झाले. हे शब्द त्यांचे होते! तीस वर्षं ते दुसऱ्यांना हे लिहून परत पाठवत आले होते. आपल्यावर कोणी ते उलटवील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

झालं. त्यांनी दोन अर्ध्या रजा टाकल्या. केळीचं म्हणून ते उद्यानिकीच्या, म्हणजे फळबागांच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, पॅसेज ऐकून पोट धरून हसले आणि म्हणाले, "बाबूजी, झाडाला रोग पडला असता तर आलो असतो. पुस्तकाला पडलाय, शिक्षणवाल्यांकडे जा." शिक्षणवाल्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि हे सरकारी नाही, खासगी आहे, असं नम्रपणे सांगितलं. दोघंही नियमाला धरून बोलले, त्यामुळे दिगंबररावांना भांडताही आलं नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

"जनसुनवाईत टाका," भाईदासभाई म्हणाले. "मंगळवारी साहेब लोक बसून तक्रारी ऐकतात. तिथं कागद वाया जात नाही."

मंगळवारी दिगंबरराव रुमाल तोंडावर बांधून रांगेत उभे राहिले, कारण समोरच्या टेबलावर त्यांचे स्वतःचे साहेब बसलेले होते. अर्जावर विषय लिहायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात अडला. पॅसेजचा विषय म्हणून काय लिहायचं? 'इतर' लिहिलं असतं तर चाललं असतं. पण इतर लिहिलेल्या अर्जाचं काय होतं हे बडे बाबूंपेक्षा कोणाला जास्त माहीत? तो खालच्या खणात जातो. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'केळी पीक नुकसानीबाबत.' खाली पत्ता द्यायचा तर केळी फोपनारची, म्हणून भिकनमामाच्या शेताचा खसरा, म्हणजे गट नंबर घातला. पावती घेऊन ते रांगेतून बाहेर पडले तेव्हा, रुमालाच्या आत का होईना, हसत होते.

इकडे एप्रिल संपला होता. रोज सकाळी सहाला रंजिता पुस्तक घेऊन बसे आणि विचारी, "पप्पा, बारावा घ्यायचा?"

"आधी अकराव्याचा निकाल लागू दे."

"पप्पा, एकशे नव्वद पॅसेज राहिलेत. परीक्षेला वीस दिवस आहेत."

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं!"

चौथ्या-पाचव्या दिवशी ती सहाला आलीच नाही. गच्चीच्या जिन्यात दार लावून बसली. दिगंबररावांनी दारावर टकटक केली. "टायमर लावू का?"

"नको पप्पा. आत्ता मधे नका बोलू." आतून एवढंच आलं.

ते टायमर हातात घेऊन दाराशी उभे राहिले. मुलीला आपण नकोसे झालो, या विचारानं त्यांना भरून आलं, आणि लगेच रागही आला. मग ते खाली उतरून अर्जाचं काय झालं ते विचारायला फोन लावू लागले.

अर्जाचं झालं होतं. अर्ज केळी नुकसानीचा होता, केळी नुकसानीच्या अर्जांसारखाच तो चालला, वेळेत चालला, आणि मेच्या वीस तारखेला नोटीस आली की बावीसला सकाळी दहा वाजता पटवारी शेतावर पंचनाम्याला येतील, अर्जदारानं हजर राहावं. आणि बावीसलाच दुपारी तीन वाजता खंडव्याला रंजिताचा इंग्रजीचा पेपर होता. अडीचला गेट बंद.

ज्योत्स्नाबाईंच्या हातातलं लाटणं हवेतच राहिलं. "अहो, परीक्षा पोरीची आहे का पॅसेजची? जायचं नाही. सांगून ठेवते."

"आणि पंचनाम्यावर 'अर्जदार अनुपस्थित' येऊ देऊ? तीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या कागदावर तो शेरा मारला. माझ्या कागदावर? दहाला पंचनामा, साडेदहाला सही, अकराला भिकनच्या बोलेरोत मी इथं हजर. तिथून खंडवा दोन तास. रंजिता, तुला चालेल ना?"

"अकराला या पप्पा," रंजिता म्हणाली.

फोपनारला दिगंबरराव भिकनमामाच्या बोलेरोतून साडेनऊला पोचले. भिकनमामाच्या बागेच्या तोंडाशी जत्रा भरली होती. पटवारी येणार, केळीचा पंचनामा होणार, एवढंच गावात पसरलं होतं, आणि पन्नास-साठ माणसं आपापले कागद घेऊन आली होती. मागून आलेल्या ट्रॅक्टरांनी बोलेरो पुरती कोंडली होती. जो तो येऊन दिगंबररावांचा हात धरी, "बाबूजी, आमचंही नाव टाका ना."

पटवारी सोनाली मॅडम बरोबर दहाला स्कूटीवरून आल्या. तिशीच्या आतल्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, आणि गप्प राहण्याची सवय असलेल्या. त्यांनी बाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून पाहिली. बाग कसली, नुसती डोळ्यांत भरत होती. घड गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

"नुकसान कुठं आहे?"

"ते असं आहे मॅडम," दिगंबररावांनी घाम पुसला, पिशवीतून पुस्तक काढलं आणि अकरावा पॅसेज उघडून दिला. "नुकसान हे आहे."

सोनाली मॅडमनी पुस्तकाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि वाचायला लागल्या. दिगंबरराव दुसऱ्या ओळीला म्हणाले, "हे फांदीचं बघा." मॅडमनी मान वर केली नाही. तिसऱ्या ओळीला भिकनमामा म्हणाला, "अन् बासरी बघा." त्यांनी हात वर करून थांबायला सांगितलं. शेवटपर्यंत वाचलं. मग प्रश्न वाचले.

"अ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिसऱ्याचं उत्तर अ आहे. शेतकरी आराम करतो."

"मॅडम, तुम्ही शेतात उभ्या राहून हे सांगताय? खरं काय आहे ते डोळ्यांनी दिसतंय ना?"

"खरं काय आहे ते मी पंचनाम्यात लिहीन, ते माझं काम आहे. इथं खरं विचारलंच नाही बाबूजी. ह्यानं काय म्हटलं ते विचारलंय. ह्याला पूर्ण बोलू द्यायचं, मग सांगायचं की हा असं म्हणाला. तो खोटं बोलत असला तरी असंच म्हणाला ना? मी अशाच एका परीक्षेत तीनदा नापास झाले होते, तेव्हा कळलं."

दिगंबररावांना दोन अर्धवट वाक्यं आठवली. रंजितानं दीड महिन्यापूर्वी ओट्यावर 'पॅसेजनुसार असलं की...' असं वाक्य सुरू केलं होतं. वंदना मॅडमनी फोनवर 'मधे मधे...' असं एक सुरू केलं होतं. दोन्ही वाक्यं पूर्ण झाली असती तर कुठं गेली असती, हे त्यांना केळीच्या बागेत, साठ माणसांसमोर एकदम कळलं. पोरीचे वजा पाच पोरीचे नव्हतेच, ते आपले होते. त्यांना जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पण पंचनामा सुरू झाला होता आणि तो अर्ध्यात सोडता येत नव्हता. हजर असलेल्या प्रत्येकाला आपलं म्हणणं नोंदवायचं होतं. मॅडम प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकत होत्या. साडेदहा झाले, अकरा झाले, सव्वाअकरा झाले. दिगंबरराव एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मोबाइल कोंडलेल्या बोलेरोत राहिला होता. अखेर साडेबाराला कागद समोर आला. 'पीक उत्तम. नुकसान निरंक. अर्जदार हजर.' दिगंबररावांनी आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली आणि बोलेरोकडे धाव घेतली.

मोबाइलवर ज्योत्स्नाबाईंचे तेवीस मिस्ड कॉल होते.

"अगं, निघालो, निघालो! तिला तयार..."

"ती गेली."

"कुठं?"

"खंडव्याला. साडेअकरापर्यंत वाट पाहिली पोरीनं. मग म्हणाली, आता पप्पा नाही येत. रेल्वेनं गेली. एकटी. मी निघाले होते सोबत, तर म्हणे तू घरीच राहा, पप्पा आले आणि कुलूप दिसलं तर पोलिसात जातील."

ट्रॅक्टर बाजूला करण्यात अर्धा तास गेला. मग भिकनमामानं बोलेरो अशी हाकली की असीरगडाच्या वळणावर दिगंबररावांनी डोळे मिटून घेतले. ते सारखे पुढे वाकून म्हणत, "भिकन, हळू!" आणि लगेच म्हणत, "भिकन, वेळ होतोय!" खंडव्यात सेंटरच्या गेटाशी पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. गेट बंद. रंजिता आत आहे की गेटाबाहेर राहून कुठंतरी रडत बसलीय, कळायला मार्ग नव्हता. फोन लागत नव्हता.

"निळा ड्रेस, दोन वेण्या," त्यांनी गार्डला सांगितलं.

"अंकल, अंदर तीन सौ बच्चे हैं. बैठ जाओ."

बसवतं कुठं! भिकनमामाला बागेचं पाणी सोडायचं होतं, तो दिगंबररावांच्या पाठीवर थाप मारून परत फिरला. दिगंबररावांनी भर उन्हात गेटासमोर फेऱ्या मारल्या. त्यांनी त्या एका तासात जेवढे देव आठवले तेवढे तीस वर्षांत आठवले नव्हते. अंगातला सदरा पिळून निघावा असा भिजला. मूर्ख आहेस तू, दिगंबर, असं ते स्वतःला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्या वेळी गार्डनं वळून पाहिलं.

सव्वाचारला पोरं बाहेर आली. त्यात निळा ड्रेस होता.

आता वाचकांचा जीव टांगणीला ठेवण्यात मजा नाही, म्हणून सांगून टाकतो. जुलैत निकाल लागला, इंग्रजीत रंजिताला सत्त्याऐंशी टक्के पडले, भूगोलाची जागा मिळाली आणि ऑगस्टमध्ये ती दीड दिवसाच्या रेल्वेत बसून गेली. पण त्या दिवशी संध्याकाळी खंडव्याहून परतणाऱ्या गाडीत यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. खिडकीशी दिगंबरराव आणि समोर रंजिता, दोघंही थकलेले.

"कसा गेला? पॅसेज कशावर होते? तिसरा प्रश्न..."

"पप्पा," रंजिता म्हणाली, "मी एक सांगते. पूर्ण होईपर्यंत मधे बोलायचं नाही. मग मी प्रश्न विचारीन."

दिगंबररावांनी मान हलवली.

"मी तुमची खूप वाट पाहिली. मग निघाले. डब्यात जागा नव्हती, दाराशी उभी होते. चांदणी स्टेशनपर्यंत रडू येत होतं. नेपानगरला जागा भेटली. बसले तेव्हा ध्यानात आलं की तिकीट मी काढलंय, उतरायचं कुठं ते मला माहितेय, आणि सेंटरचा रस्ता मी नकाशात तीनदा पाहिलाय. स्टेशनवरून चालत गेले. पोचले तेव्हा एक तास बाकी होता. पायरीवर बसून डबा खाल्ला. मला एकदम शांत वाटलं. बस, एवढंच."

तेवढ्यात दिगंबररावांनी चार वेळा तोंड उघडून मिटलं होतं.

"आता सांगा. मी काय म्हटलं?"

"तू म्हणालीस," दिगंबरराव म्हणाले, "की पप्पांनी तुला ऐन वेळी दगा दिला."

"चूक. असं मी कुठं म्हटलं?"

"मनात असेलच की तुझ्या."

"मनातलं नाही विचारलं. एक कापला."

दिगंबरराव सावरून बसले. "तू म्हणालीस की रस्त्यात भीती वाटते, आणि यापुढे कोणीतरी सोबत पाहिजे."

"अजून एक कापला. पप्पा, परत सांगू का?"

"सांग."

तिनं परत सांगितलं, तेच, तसंच, सावकाश. या वेळी दिगंबरराव हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. दाराशी उभी असलेली त्यांची पोर त्यांना दिसली, मग बसलेली दिसली, मग अनोळखी शहरात एकटी चालताना दिसली. त्या सगळ्यात ते स्वतः कुठंच नव्हते. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी तिचा तेवढाच अभिमानही वाटला.

"तू म्हणालीस," ते म्हणाले, "की तू एकटी गेलीस, आणि तुला शांत वाटलं."

"बरोबर. पाच मार्क. दोन कापलेले, हातात तीन."

गाडी चांदणीला थांबली आणि सुटली. रंजिता थोडी पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"ते पॅसेजमध्ये दिलेलं नाही," दिगंबरराव म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले.